केरानाचा कोळी

"थांबा जरा साहेब, खळ वाळेल," असं म्हणून ग्रोझदेनाबाई कागद फाटकावर दाबत राहिली. तिच्या लेकीला, केरानाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचा फोटो नि नाव छापून दर वर्षी फाटकाला लावायचं, ही गावाची रीत. कागद नवा, फोटो तोच.

प्रोफेसर पेन्चेव सोफियाहून आले होते, बगलेत चकचकीत पुस्तक घेऊन. खाऱ्या कुरणातला तो करडा लांडगा-कोळी केरानानं शोधलेला. जाळं विणायचं नाही, बिळात दबा धरायचा, पिल्लं पाठीवर घेऊन हिंडायचं. बदकं चारता चारता पोरगी बिळात काडी घालून त्याला बाहेर काढी. जगात कुणाला ठाऊक नव्हता तो. "ह्याला तुझंच नाव देईन," असं प्रोफेसर याच ओट्यावर बसून बोलले होते.

"छापलं?"

"छापलं, आजी. पण नाव आमच्या संस्थेच्या अध्यक्षबाईंचं द्यावं लागलं."

"त्यांनी पाहिलाय का कोळी?"

"त्यांना... भीती वाटते कोळ्यांची."

"वा! कळा हिनं सोसल्या, बारशाला मिरवली ती. खोडा ते नाव."

"एकदा छापलं की बदलता येत नाही, आजी. जगाचा नियम आहे. पण तुमच्या मुलीचे आभार मानलेत, हे बघा."

तिनं बोट फिरवत अक्षर अक्षर लावलं. 'एक स्थानिक महिला.'

"आणि एक काम होतं," प्रोफेसर घुटमळले. "तेव्हा मादीच सापडली होती. नराशिवाय काम अपुरं राहतं. बिळं तुम्हालाच माहीत."

खिडकीत बरणी होती. त्यात नर होता. नर मिळाला नाही ही त्यांची तेव्हाची हळहळ आठवून त्यांच्यासाठीच तिनं आठवडाभर गुडघे फोडून धरलेला. ती आत जाऊन उकडलेल्या गोड गव्हाची वाटी घेऊन आली.

"आधी हे खा. गेलेल्याचं नाव घ्यायचं, 'देव क्षमा करो' म्हणायचं, मग घास."

प्रोफेसरांनी चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग चष्मा सारखा करून फाटकावरच्या कागदाकडे मान वळवली.

"के...राना. देव क्षमा करो."

दारी आलेल्याला उपाशी पाठवायची तिच्या घराण्याची चाल नव्हती. तिनं वाटी संपू दिली.

"मग, नर?"

"नाही हो दिसला कुठं."

गाडीची धूळ बसल्यावर ती बरणी घेऊन कुरणात गेली आणि गवतात आडवी केली. कोळी थोडा वेळ काचेतच बसला. मग चालू लागला.

बरणी धुऊन तिनं खिडकीत पालथी घातली.