झाडेकाकांना दिलेलं औषध

पांडुरंग झाडे यांना दिलेल्या झोपेच्या औषधाने त्यांची बायको झोपली. विमानाने चंद्रपूरची धावपट्टी सोडून बारा मिनिटं झाली होती, बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. सिस्टर कुंदा राजूरकरने दुधासारखं पांढरं औषध काकांच्या शिरेत सावकाश सोडलं, आणि समोरच्या सीटवरच्या शेवंताबाईंची मान कलली. त्या विचारत होत्या, "मॅडम, आता ह्यायले बरं वाटंल का जी?" त्यातल्या 'जी'वर त्यांचे डोळे मिटले.

काकांचे डोळे उघडेच होते.

कुंदाला वाटलं, बाई थकल्या असतील. नवरा नऊ दिवस न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर, आणि ह्या बाहेर, चंद्रपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. आता त्याला पुण्याला हलवायचं ठरलं, तेव्हा कुठे त्यांनी पाठ टेकली. तिने बाईंच्या अंगावर शाल घातली आणि पुन्हा काकांकडे वळली.

अकरा वर्षं ती हवाई रुग्णवाहिकेवर होती. घशात नळी असलेला माणूस जागा असला की मशीनशी भांडतो. मशीन हवा आत ढकलतं, तो खोकून बाहेर टाकतो. जमिनीवर हे निभावतं, कारण हाताशी माणसं असतात. इथे वर ती आणि डॉक्टर सबनीस, दोघंच. म्हणून रुग्ण झोपलेला लागतो.

"जागे आहेत अजून," ती म्हणाली.

डॉक्टर सबनीसांनी टॉर्च लावून काकांच्या बुबुळांत पाहिलं. "तीन मिली अजून दे."

तिने तीन मिली दिलं. डॉक्टर टॉर्च हातात धरूनच स्ट्रेचरच्या कडेला टेकले आणि झोपले. टॉर्चचा उजेड विमानाच्या छतावर पडून राहिला.

कुंदाने त्यांना हाक मारली, खांदा हलवला, शेवटी कानाची पाळी जोरात चिमटली. काही नाही. सवयीने तिने त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला चौदा. शेवंताबाईंचेही चौदा. मशीनवरचा आकडाही चौदाच होता. मशीनचा सुस्कारा आला की तीन छात्या एकदम वर येत होत्या आणि एकदम खाली जात होत्या.

तिने सॅटेलाइट फोन उचलून पुण्याच्या डॉक्टरांना लावला. काकांना तेच ताब्यात घेणार होते.

"डॉक्टर, पेशंटला औषध लागू पडत नाहीये. दुसऱ्यांना लागू पडतंय."

"पेशंटचं वजन किती?"

"सत्तर."

"मग डोस कमी पडतोय. वाढवा."

"वाढवला. डॉक्टर सबनीस झोपले."

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "त्यांचं वजन किती?"

"त्यांच्या वजनाचा काय संबंध?"

"सिस्टर, आवाज चढवू नका. डोस वजनावर असतो."

तिला फोन खिडकीतून फेकून द्यावासा वाटला. खिडकी उघडत नव्हती. मशीनचा अलार्म ओरडू लागला होता, कारण काका खोकत होते. बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन त्र्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला. दुसरं काय करणार? तिने दोन मिली दिलं.

पुढून कॅप्टन लोबोंची हाक आली. "सिस्टर, तुम्ही आत्ता काही दिलंत का?"

"दोन मिली."

"माझी को-पायलट झोपली."

"मला तीच भीती होती."

"मग दिलंत कशाला?"

"आता देत नाही," ती म्हणाली. "पोचायला किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

अलार्म थांबेना. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. कुंदाने मशीनची नळी सोडवली आणि हाताने दाबायची श्वासाची पिशवी काकांच्या नळीला लावली. काकांची छाती जरा उचलली की ती दाबायची, ते थांबले की थांबायची. हळूहळू भांडण शमलं. चौऱ्याऐंशीचे नव्वद झाले. शेवंताबाई, डॉक्टर आणि पुढची को-पायलट, तिघंही आता तिच्या हाताबरोबर श्वास घेत होती. तिने नाक खाजवायला हात काढला तर केबिनमधले श्वास एकदम थांबले. तिने घाईने पिशवी दाबली.

काका बोटांनी हवेत लिहीत होते. तिने मोकळ्या हाताने संमतीपत्र उलटं करून त्यांच्या पोटावर ठेवलं, खिशातलं पेन दिलं. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस, अक्षर ठसठशीत होतं.

'नऊ दिवस झोपलो नाही.'

"तिकडे औषध देत होते ना?"

'दिलं की वार्ड झोपे. सिस्टर झोपे, डॉक्टर झोपे. मी छताकडे पाहत राहो.'

"कुणाला सांगितलं नाही?"

काकांनी घशातल्या नळीकडे बोट केलं. मग लिहिलं, 'बाई व्हरांड्यात झोपलेली दिसे. तिले वाटे मीच झोपलो.'

कुंदाचा असा संताप झाला की तिला तो ठेवायला जागा सापडेना. नऊ दिवस कुणीतरी कागदावर लिहीत होतं, 'रुग्ण शांत'. ते कागद तिच्या फाइलमध्ये होते. आज सकाळी तिनेही त्यांच्याखाली सही केली होती.

काकांनी आणखी एक ओळ लिहिली. 'मले झोपू द्या.'

"माझ्या हातात असतं तर दिली नसती का झोप?" ती ओरडली. औषध तिच्या हातातच होतं. अर्धी सिरिंज भरलेली.

विमान अरुंद होऊ लागलं होतं. झोपलेली माणसं जास्त जागा घेतात, आणि ही तिघं दर श्वासागणिक थोडी थोडी पसरत होती. डॉक्टरांचा खांदा तिच्या बरगड्यांत रुतला. शेवंताबाईंचे पाय स्ट्रेचरखालून येऊन तिच्या चपलांना टेकले. को-पायलटचा एक हात पडद्याखालून आत आला होता आणि औषधांच्या पेटीवर पालथा पडला होता. पेटी आता उघडत नव्हती. जे काही होतं ते सिरिंजमध्येच होतं.

"कॅप्टन, किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

"दहा मिनिटांपूर्वीही पंचवीसच होती!"

"तेव्हाही बरोबर होती," कॅप्टन म्हणाले. "मी काय करू? मीही वैतागलोय."

काकांची फुप्फुसं घट्ट होत चालली. पिशवी दाबायला तिला जोर लागू लागला, आणि ते पुन्हा खोकायला लागले. शहाऐंशी. त्र्याऐंशी. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि सिरिंजकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता, फक्त नऊ दिवस होते.

फोन स्पीकरवर अजून चालूच होता. "सिस्टर," पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "पूर्ण डोस द्या. मी लेखी देतो."

"इथे जागे आम्ही दोघंच आहोत. मी आणि पायलट."

"पेशंट धरून तीन. तिघांत पेशंट एक आहे. कधीतरी त्याचा नंबर लागेलच ना?"

कुंदाने यावर विचार केला. डोकं बधिर झालं होतं, पण हिशेब चुकीचा वाटेना. ती झोपली तर पिशवी थांबणार. कॅप्टन झोपले तर सगळंच थांबणार. दिलं नाही तर काका तिच्या डोळ्यांसमोर जाणार, जागेपणी.

"कॅप्टन, मी देतेय. झोपू नका."

"ते माझ्या हातात आहे का?"

"नाही. तरी सांगतेय."

तिने दाताने टोपण काढलं, एका हाताने पिशवी दाबत दुसऱ्या हाताने सिरिंज पूर्ण रिकामी केली. मग जीभ चावून धरली आणि साठपर्यंत मोजलं.

ती जागी होती. "कॅप्टन?"

"आहे," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज हसल्यासारखा झाला. "आहे मी. आणि सिस्टर, पुणे दिसतंय."

तिने मोठ्या आशेने काकांकडे पाहिलं. काकांचे डोळे उघडे होते. दोन्ही कडांमधून पाणी कानांकडे ओघळत होतं.

"डॉक्टर," ती फोनमध्ये म्हणाली, "दिलं. आता?"

फोनमधून श्वास ऐकू आला. तिने पिशवी दाबली की तो आत जात होता, सोडली की बाहेर येत होता.

"डॉक्टर?"

विमान खाली येऊ लागलं. विमानतळाचा टॉवर उत्तर देत नाही, असं कॅप्टन म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. कुंदा खिडकीकडे वाकली. रस्त्यांवर गाड्या जिथल्या तिथे उभ्या होत्या. चौकांत, गच्च्यांवर, मैदानांत माणसं आडवी झाली होती. विमानतळावर त्यांची रुग्णवाहिका मागचं दार उघडून उभी होती, वरचा दिवा गरगरत होता आणि ड्रायव्हर स्टीअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. त्यांना उतरवून घ्यायला आलेली माणसं धावपट्टीवर पडली होती. त्यांच्यामागे आणखी माणसं, बॅगांसकट, गणवेशांसकट, टोकापर्यंत. पाय ठेवायला जागा नव्हती.

"सिस्टर," कॅप्टन म्हणाले, "कुठे उतरवू?"

तिच्या बोटांत गोळा आला होता. पिशवी अर्धीच दबली. खाली, एवढ्या उंचीवरूनही दिसलं, कुणाचीच छाती हलली नाही.

झाडेकाकांनी आपला हात उचलला, तिच्या हातावर ठेवला आणि तिच्याबरोबर जोर लावला. पिशवी पूर्ण दबली. खालची सगळी धावपट्टी छातीसारखी वर आली.