ओलं राहिलेलं शेत

दीनानाथ कुदळे यांनी छत्तीस वर्षं कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली आणि एक रेघ कधी चुकू दिली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर तैलरंगात निसर्गचित्र काढणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं ते धरून चालले होते. आठ महिन्यांत तो मळ दोन्ही हातांना, चष्म्याला आणि विश्रांतवाडीच्या फ्लॅटमधल्या पडद्यांना लागला. चित्र मात्र जमेना.

चित्र होतं त्यांच्या बायकोच्या, सुनीतीच्या माहेरचं. तिच्या वडिलांचं, नागोरावांचं, वाघोलीचं शेत या दोघांच्या लग्नाआधीच विकलं गेलं आणि आता तिथे बारा मजली इमारती आहेत. उरला होता एकच काळापांढरा फोटो. पुढे नागोराव, मागे धूसर रान, कडेला एक झाड. त्यावरून शेत जसंच्या तसं उभं करायचं आणि बायकोने बघताक्षणी म्हणायचं, "हे आमचंच." दीनानाथांना एवढंच हवं होतं. सुनीती दर वेळी म्हणायची, "छान आहे." चाळीस वर्षं पुण्यात संसार केलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ कळतो. त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

शनिवार पेठेतल्या चित्रकलेच्या क्लासला शिकवणारी कादंबरी त्यांच्या मुलीच्या वयाची. ती सांगायची, "काका, लांबचे डोंगर फिके करा. कडा सैल सोडा." सैल सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांचे डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसत. मग पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं, आणि शेवटी सगळ्या हिरव्याचा चिखल. रान ओकंबोकं दिसतं म्हणून त्यांनी पदरची एक विहीरही घातली होती. मनासारखं उतरलं होतं ते फक्त कडेचं कडुनिंबाचं झाड. त्याचं पानन् पान त्यांनी दहा दिवस बसून काढलं होतं.

क्लासच्या प्रदर्शनाला दोन दिवस उरले तेव्हा कादंबरीने कॅनव्हासला बोट लावलं. बोट हिरवं झालं.

"काका, महिना झाला ना याला? रंगात काय मिसळलंत?"

"तेल."

"जवसाचंच ना?"

"ते संपलं होतं. घरात शेंगदाण्याचं होतं. घाण्याचं आहे, एकदम शुद्ध."

कादंबरीने क्षणभर डोळे मिटले. "ते वाळत नाही हो काका. त्यात चिवडा होतो, चित्र होत नाही. ओलं आहे तोवर मला हे लावता नाही येणार."

ओलं चित्र दोन्ही हातांत अधांतरी धरून ते रिक्षाने घरी आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांनी महापालिकेचा, शेंगदाण्याचा आणि स्वतःचा उद्धार केला. घरात शिरताच चित्र टेबलावर ठेवलं आणि रंग खरवडायची सुरी उचलली.

"काय करताय?" सुनीती स्वयंपाकघरातून आली.

"खरवडतोय. जमत नाही मला. संपला विषय."

"थांबा जरा."

ती चित्रासमोर उभी राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि दीनानाथांच्या विहिरीवरून सरळ फिरवलं. विहीर गेली.

"विहीर इथे नव्हती. या बाजूला होती, बांधाच्या खाली." तिने अंगठा दाबून जागा दाखवली. तिथून बोटाने एक वाकडी रेघ ओढत ती कडेपर्यंत गेली. "आणि बाबा इथून यायचे. मी इथे बसलेली असायचे."

दीनानाथ बघतच राहिले. "मग आठ महिने हे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? छान झालंय का, एवढंच विचारत होतात."

सुनीतीचं बोट कडुनिंबापाशी येऊन थांबलं होतं.

"झाड तरी बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

सुनीतीने त्यांच्याकडे पाहिलं. "इतकं मन लावून काढलंय तुम्ही."

"सुनीती, कुठलं झाड होतं?"

"बाभूळ."

दीनानाथांनी पानन् पान एकदा नीट पाहून घेतलं. मग सुरी बाजूला ठेवली, टेबलावरचं फडकं उचललं आणि झाड स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. चित्र अजून ओलंच होतं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि तिला विचारलं, "फांद्या कुठून फुटायच्या बाभळीला?"