वळायची खूण उचलून नेली

मी सायकल बोलतेय, आणि रागानंच बोलतेय. गोड बोलणं मला आज जमणार नाही.

प्रशिकनं मला सदर बाजारातल्या दुकानातून घेतलं ते स्वतःसाठी. दोन आठवडे त्यानं हौसेनं चालवलं आणि मग कोराडीच्या कॉलनीतल्या त्यांच्या बाल्कनीत उभं करून ठेवलं. माझ्या हँडलवर ओले टॉवेल पडू लागले. वीज केंद्राची राख सीटवर बसे. तेव्हाही मी चिडले होते, पण तो राग साधा होता.

मला खाली उतरवलं ते त्याच्या बायकोनं, मायानं. ती दवाखान्यात नर्स. वय चाळिशीच्या पुढचं. डबल ड्यूटी करून गुडघे आखडतात म्हणून ती सकाळी मला घेऊन निघू लागली. सुरुवातीला फाटकापर्यंत, मग सावनेरच्या रस्त्याला. शेजाऱ्यांनी विचारलं की प्रशिक हसून सांगे, "मायाच चालवते आता. मी त टॉवेल वाळवाले घेतली होती."

एक दिवस तिनं टाइम ट्रायलबद्दल ऐकलं. या शर्यतीत घोळका नसतो. एकेकाला एका मिनिटाच्या अंतरानं सोडतात. पुढे ठरलेल्या जागी वळायचं आणि परत यायचं. समोर वारा आणि मागे घड्याळ, बस्स. मायाला हे फार आवडलं. "कोनाशी धक्काबुक्की नाही, आपलं आपण पाहाचं," ती म्हणाली. प्रशिकनं माझ्या हँडलवर पुढे निघालेले दोन दांडे बसवले, त्यावर कोपरं टेकवून ती वाकून बसायला शिकली. पाठ दुखायची, मान आखडायची. तरी तिनं सोडलं नाही. तीन महिने ती माझ्यावर अशी वाकत राहिली, आणि मी तिला कधी पडू दिलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सावनेर रस्त्याची एक बाजू सकाळी काही वेळ बंद ठेवली होती. आधी तरुण पुरुष सोडले. मग चाळिशीचे, मग पन्नाशीचे, मग देणगी देणाऱ्यांचे पाहुणे. बायका सगळ्यात शेवटी. बायका दोघीच होत्या. कॉलेजात शिकणारी नूपुर आणि आमची माया.

आम्हाला सोडलं तेव्हा रस्ता खुला झाला होता. कोळशाचे ट्रक अंगाला खेटून जात होते आणि प्रत्येक ट्रक आम्हाला कडेच्या गिट्टीत ढकलत होता. माया दात आवळून पायडल मारत होती. समोरून नूपुर परत येताना दिसली, तशी माया आणखी वाकली. वळायची खूण म्हणजे रस्त्यात ठेवलेला लाल शंकू. तो आता येईल, मग येईल, असं करत आम्ही किती पुढे गेलो! शेवटी कापसाची जिनिंग दिसली तेव्हा तिनं ब्रेक दाबला. चहाच्या टपरीवर विचारलं.

"दादा, इथं मागं कुठं लाल शंकू होता का?"

"तो त गाडीत टाकून नेला ना, ताई. शर्यत झाली म्हने."

मायानं मला वळवलं. उरलेला सगळा रस्ता तिनं तितक्याच जोरानं कापला. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

परत आलो तर मंडपात पोहे संपत आले होते. माया घामेजलेली, तशीच आयोजक मधुकररावांसमोर उभी राहिली. "वळाची खूण काहून उचलली?"

"मॅडम, पोट्ट्यायले वाटलं, झाले सगळे."

"आमी राहिलो होतो."

"दोघीच त होत्या!" मधुकरराव हसत म्हणाले.

माझ्या साखळीला कोणी दगड मारला असता तर इतकं लागलं नसतं.

मग माइकवर नूपुरचं नाव पुकारलं, महिला गटात पहिली. ती पोरगी वर गेली, चषक हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. "मी पूर्ण गेलीच नाही," ती म्हणाली. "शंकू दिसला नाही म्हनून अंदाजानं फिरली. काकू माझ्या खूप पुढं गेल्या होत्या."

"बेटा, कोन मोजून राहिलं? घे ना, फोटो होऊ दे."

तिनं घेतला नाही. मग महिला गट रद्द झाल्याचं जाहीर झालं. चषकावरच्या 'महिला' शब्दावर जाहिरातीचा स्टिकर चिकटवून तो पुरुषांमधल्या चौथ्याला दिला. टाळ्याही वाजल्या.

पुढच्या रविवारी त्या दोघींनी आपली शर्यत आपणच घेतली. ट्रक सुरू व्हायच्या आत. वळायच्या जागी प्रशिक स्वतः पांढऱ्या फक्कीची रेघ आखून उभा राहिला. सुटायच्या जागी मायाची सासू अंजनाबाई मोबाइलमधलं घड्याळ धरून बसल्या आणि ओरडल्या, "निंग वं माया, पाहून काय राहिली!"

नूपुर जिंकली. थोडक्यात, पण सरळ जिंकली. माया रस्त्याच्या कडेला मला आडवी टाकून धापा टाकत बसली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली. त्या हरण्याचा मला जराही राग नाही. दोघींच्या वेळा तिनं शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या मोबाइल ग्रुपवर टाकल्या. उत्तरादाखल मधुकररावांचा एक अंगठा आला.

आता यंदाची शर्यत जवळ आली आहे. माया आणि नूपुरनं मिळून नऊ जणी तयार केल्या आहेत. मायानं मधुकररावांना फोन करून सांगितलं, "रस्ता बंद हाये तोवरच आमाले सोडा." ते म्हणाले, "पाहू." माझे टायर नवे आहेत, ब्रेक घट्ट आहेत, आणि राग होता तिथंच आहे.

तुम्ही कधी अशी शर्यत पाहायला आलात, तर आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल. शेवटची बाई परत येईपर्यंत रस्त्यावरचं काही उचलू मात्र नका.