नानांचा खड्डा

गेणभाऊंनी संडासाचा खड्डा खणला तो विहिरीसारखा. बेल्ह्याच्या अलीकडच्या त्या वाडीला आपल्या खोदकामाचा भारी अभिमान. खडक फोडून पाणी काढणारी माणसं; चार-पाच फुटांचा खड्डा खणायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. उन्हाळ्यात सुरुंग लावून, पार ओल लागेपर्यंत खाली जाऊन, गेणभाऊंनी तो बांधून काढला आणि वाडीला जेवण घातलं. ते सरपंच होते. स्वच्छ गाव स्पर्धेत वाडी उतरली होती आणि हा पहिला, नमुन्याचा संडास होता.

"सात पिढ्या भरायचा न्हाई," ते पारावर सांगत. "सरकारी नकाशातला खड्डा म्हंजे नुसता रांजण, राव!"

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या त्यांच्या पुतणीनं, वृषालीनं, हे ऐकलं आणि ती उठून खड्डा पाहून आली. ती पुण्याला सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मैल्याचा खड्डा उथळ हवा, त्याचा तळ आणि जमिनीतलं पाणी यांच्यामध्ये मातीचा जाड थर हवा, कारण घाण गाळली जाते ती त्या मातीत, हे तिला वर्गात शिकवलं होतं. तिच्या नानांनी, म्हणजे गेणभाऊंनी, तो थरच खणून काढला होता. आणि उताराला, हाकेच्या अंतरावर, वाडीची पिण्याची विहीर होती.

पावसाळ्यापासून वाडीत कावीळ होती. वृषालीची वहिनी रत्ना सात महिन्यांची गरोदर होती आणि पाणी त्याच विहिरीचं पीत होती. घरी वृषालीनं पाणी उकळायला लावलं. पण रत्ना रानात गेली की तिथल्या माठातलं, विहिरीचं न उकळलेलंच पिई. अशी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हेही वृषालीला ठाऊक होतं.

जाताना तिनं विहिरीचं पाणी बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं पुण्याला नेलं. प्रयोगशाळेत त्या पाण्याच्या एकूणएक नळीत मैल्यातल्या जंतूंनी वायू धरला. पाण्यात मैला होता.

तिचे प्रोजेक्टचे सर नळ्यांकडे पाहून म्हणाले, "निष्कर्ष बरोबर आहे. पण गाव तुझंच ना? मग दुसरं गाव घे. मुलींनी भांडणं कशाला ओढवून घ्यायची?"

"सर, पाणी माझी वहिनी पिते," ती म्हणाली. सरांनी घड्याळ पाहिलं. तिनं रीतसर सही करून फ्लुरोसिनची, पाण्याचा माग काढायच्या रंगाची, बाटली मागून घेतली आणि शनिवार-रविवारची वाट न पाहता घर गाठलं.

पारावर नाना, त्यांचा मित्र सावळेराम आणि चार माणसं होती. तिनं सगळं सांगितलं.

"आल्या इंजिनेरबाई!" नाना हसले. "आगं, तुज्या आज्यानं खणलेली हीर हाय ती. तिच्यात मैला?"

"पुण्याच्या नळाची चव लागलीया पोरीला," सावळेराम म्हणाला.

"नाना, मी तुमच्या खड्ड्यात रंग टाकते. विहिरीत उतरला नाही, तर इथंच सगळ्यांची माफी मागेन."

"टाक की! व्हळीचा उरला आसंल तर त्यो बी टाक."

कोरडी असताना लाल आणि पाण्यात हिरवी होणारी ती भुकटी अर्धी बाटली तिनं भर दुपारी, सगळ्यांसमोर टाकली आणि वर पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विहीर पोपटाच्या पंखासारखी हिरवी झाली.

वाडी खवळली. वृषालीवर.

"हीर बाटवली पोरीनं!" सावळेराम ओरडला. नानांचा चेहरा लाल झाला होता. "सोमवारी स्पर्धेची समिती येतीय. दोन मोटारी लावा. सगळं पाणी उपसा. हिरवं पाणी दिसलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

वृषालीनं तोवर आवाज चढवला नव्हता. आता चढवला.

"रंगानं काही होत नाही, नाना! त्याच वाटेनं जे येतंय, त्यानं होतंय! पाच महिने लोक तुमच्या संडासाचं पाणी पितायत. तेव्हा कुणी बादलीभर पाणी उपसलं नाही. आज दोन मोटारी! कुणासाठी? समितीसाठी?"

रत्ना रिकामा हंडा कडेवर घेऊन उभी होती.

"काढा पाणी," वृषाली म्हणाली. "सोमवारी पहाटे मी पुन्हा रंग टाकते, थेट विहिरीत. खड्डा बुजेपर्यंत टाकत राहीन."

नानांनी तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "किती राह्यलंय?"

"पुष्कळ."

ते विहिरीत डोकावले. मग म्हणाले, "सावळ्या, ट्रॅक्टर आन. खड्ड्यात मुरूम भर. समितीला सांगू, दुसरीकडं नकाशापरमानं उथळ खणतोय." रत्नाचं नाव त्यांनी काढलं नाही. जाता जाता सावळेरामाच्या कानाशी लागून ते पुटपुटले, पण वृषालीला ऐकू आलं, "समिती गेल्यावर बघू."

संध्याकाळी पुण्याला निघताना वृषालीनं बाटली रत्नाच्या हाती दिली.

"झाकण घट्ट लावून ठेव, वहिनी. नानांच्या खड्ड्याला पुन्हा पहार लागली, की उघड."