तीन नंबरच्या टेबलाचं गणित

कारखान्यात मला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळा मी दहावीपर्यंतच पाहिली, पण गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली बाई आमच्या शिलाईखात्यात दुसरी नाही, म्हणून हा मान. मानानं पोट भरत नाही, त्यामुळे बावीस वर्षं मी तीन नंबरच्या टेबलावर शर्टाच्या कॉलरी शिवत आले.

गेल्या वर्षापासून मला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, आहे तेवढं सांभाळा. हे फक्त माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होतं. कारखान्यात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरी दिसली असती. धाकटी शेजारच्या टेबलावर बसायची. माझा दोरा तुटला की कात्री मागायच्या निमित्तानं यायची आणि गुपचूप सुई ओवून जायची. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला मीच वाढवली, तेव्हा तिनं एवढं केलं तर नवल नाही, असं मी मनाशी म्हणायचे. पण बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू?

सुपरवायझरची जागा निघाली आणि धाकटीनं अर्ज केला. बसून बसून तिची कंबर कामातून गेली होती. आणखी दोन वर्षं मशीनवर काढली असती तर कायमची अंथरुणाला खिळली असती. नव्या मॅनेजरनं लेखी परीक्षा ठेवली. त्यात सगळी शाब्दिक उदाहरणं. ते ऐकूनच धाकटीचं तोंड उतरलं.

"ताई, मला आकडे येतात गं. पण गोष्ट आली की मी गोंधळते."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडून मी तिला उदाहरण घातलं. तिघी मिळून नव्वद बटणं लावतात. दुसरी पहिलीच्या दुप्पट लावते, तिसरी पहिलीपेक्षा दहा कमी. तर पहिली किती लावते?

"पहिलीची बटणं क्ष मान," मी म्हटलं.

तिनं क्ष लिहिला, दोन क्ष लिहिले आणि पेन्सिल चावत बसली. "तिसरी कमी का लावते? नवीन आहे का?"

"तुला काय करायचंय?"

"नवीन असेल तर महिनाभरात शिकेल ना. मग बिचारीचे दहा कशाला कापायचे?" आणि खरंच तिनं तिसरीलाही पुरा क्ष देऊन टाकला. उत्तर आलं साडेबावीस.

"साडेबावीस बटणं? ते अर्धं कुठं लावू, तुझ्या डोक्याला?"

ती हसली. मी नाही हसले. माझा स्वभाव तापट, त्यात तीन आठवडेच हातात. "वाक्यात बाई दिसली की तू तिची विचारपूस करत बसतेस. ती बाई नाही, क्ष आहे. दिलंय तेवढंच लिहायचं. मनातलं काही घालायचं नाही."

रोज हेच. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका संध्याकाळी तिनं न विचारता, न थांबता पाच उदाहरणं धडाधड सोडवली. माझा ऊर भरून आला. मी शिकले असते तर शिक्षिका झाले असते, असं त्या रात्री मी तिला दोनदा ऐकवलं.

परीक्षा शनिवारी दुपारी कटिंगच्या खोलीत होती. मी बाहेर जिन्यावर बसून राहिले. धाकटी बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

"अवघड होती?"

"नाही." तिनं प्रश्नपत्रिका माझ्याकडे दिली. "शेवटचा बघ."

मी कागद उजव्या डोळ्याजवळ धरला. एका टेबलावर सहा बाया रोज १३६० कॉलरी शिवतात. पाच जणी सारख्याच शिवतात, सहावी त्यांच्यापेक्षा ८० कमी. मागणी घटल्यामुळे आता रोज १२०० कॉलरी हव्या आहेत. पाच जणी पुरतील का? समीकरण मांडा.

टेबलाचा नंबर घातला नव्हता. पण १३६० हा आकडा दाराजवळच्या फळ्यावर रोज आमच्याच टेबलापुढं लिहिलेला असतो. मॅनेजरनं मला कधी मोजलं, देव जाणे.

"काय लिहिलंस?"

"सहा क्ष वजा ऐंशी बरोबर तेराशे साठ. क्ष दोनशे चाळीस. पाच जणी पुरतात." ती माझ्याकडे बघत नव्हती. "कोरं सोडणार होते, ताई. मग वाटलं, आकडे तर त्यानं आधीच काढलेत. मी नाही लिहिलं तरी तुला काढायचं ते तो काढणारच. वर मीही मशीनवरच मरेन." मग तिनं विचारलं, "बरोबर आहे ना?"

राग आला. तिचा आला, मॅनेजरचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? तिनं चुकीचं लिहिलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं आणि मनातून सुखावले असते.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

जागा तिलाच मिळाली. बुधवारी सकाळी ती माझ्या मशीनशी आली. बाकीच्या पाच जणी माना खाली घालून शिवत राहिल्या. "ताई, आजपासून..." म्हणाली आणि तिला पुढचं बोलवेना. मीच उठले. निदान तिला ते म्हणायला लावायचं नव्हतं.

दिवसभर घरी एकटी बसून मी एकच मागत होते, की आज कॉलरी कमी पडाव्यात. दहा पडाव्यात, पाच पडाव्यात, कुणाची तरी सुई मोडावी. मग मॅनेजर म्हणेल, बोलवा त्या मास्तरणीला. असं दुसऱ्यांचं वाईट मी आयुष्यात चिंतलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली. मी पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवला.

"किती झाल्या?"

"बाराशे," ती रडत म्हणाली. "बरोबर बाराशे, ताई."