उलट्या पूर्वेच्या बाईंचं तारकाचक्र

मी सायखेड्याच्या शाळेतलं जुनं तारकाचक्र आहे, मित्रांनो, आणि मला अजूनही राग येतो.

१९७४ साली इथल्या शिक्षिका विमलाबाईंनी मला घडवलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या. खालच्या चकतीवर काडीपेटीच्या काडीने पांढऱ्या रंगाचे तारे टिपले आणि कडेला तारखा लिहिल्या. वरच्या चकतीला, एका वेळी दिसतं तेवढं आकाश मावेल अशी एक लंबगोल खिडकी पाडली आणि कडेला दिशा व वेळा लिहिल्या. तारीख आणि वेळ जुळवली की त्या घटकेचं आकाश माझ्या खिडकीत येई. बाई मला डोक्यावर धरायच्या, मुलंही माना वर करायची, आणि मी ऐटीत फिरायचो.

आता माझ्यावर पूर्व डावीकडे आहे. असायलाच हवी! मी जमिनीचा नकाशा नाही, मी आकाश आहे. मला डोक्यावर धरलं की सगळ्या दिशा जागच्या जागी येतात. पण मुख्याध्यापक खंडेराव सरांनी मला टेबलावर पाहिलं.

"पूर्व डावीकडे? बाईंना एवढंही कळत नाही?" असं म्हणून त्यांनी बोर्ड रंगवायचा लाल रंग घेतला. पूर्वेवर पश्चिम आणि पश्चिमेवर पूर्व फासली. बाई तेव्हा वर्गात शिकवत होत्या. त्यांना विचारायची गरज कोणाला वाटली?

मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला सगळं गाव जमलं होतं. सरांनी मला स्वतःच हातात घेतलं आणि सगळ्यांना मावळतीकडे वळवलं.

"तिकडे मृग नक्षत्र दिसेल!"

तिकडे काय दिसणार, कपाळ? मृग सगळ्यांच्या पाठीमागे लखलखत होता. गर्दीतल्या शकुबाई म्हणाल्या, "अवो सर, त्यो तर मागं हाय की!"

गाव हसलं. सर लालबुंद झाले. "बाईंनी यंत्रच उलटं केलंय!"

विमलाबाई पुढे आल्या. "सर, अक्षरं तुम्ही बदललीत. हे डोक्यावर धरा, म्हणजे कळेल."

"मला शिकवता?" सरांनी मला बाकावर आपटलं.

गावाने सरांचंच खरं मानलं आणि त्या दिवसापासून बाईंना नाव पडलं, उलट्या पूर्वेच्या बाई. त्यांचा आकाशदर्शनाचा वर्ग बंद झाला. शेवटी त्यांनी घोटीला बदली मागून घेतली. आणि मी? मी माठावरचं झाकण झालो! माझ्या ताऱ्यांवर ओल्या पेल्यांचे गोल उमटले. अशी चीड येई, पण पुठ्ठ्याने चिडून करायचं काय?

१९८५ साली बाईंचीच विद्यार्थिनी चांगुणा आमच्या शाळेत शिक्षिका म्हणून आली. तिने मला माठावरून उचललं, पुसलं आणि सवयीने डोक्यावर धरलं. पूर्व-पश्चिम उलट्या रंगवल्यात हे तिला लगेच दिसलं. तिने ब्लेडने लाल रंग खरवडला, पण त्यासोबत बाईंची अक्षरंही गेली. ती मला एसटीने थेट घोटीला घेऊन गेली.

बाईंनी मला ओळखलं. "खंडेराव सर याबद्दल काही बोलले का गं?"

"ते रिटायर झाले, बाई. काहीच बोलले नाहीत."

"नाहीच बोलणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डावीकडे पुन्हा ठसठशीत पूर्व आणि उजवीकडे पश्चिम लिहिली.

पुढच्या जानेवारीतल्या प्रदर्शनाला नाशिकहून शिक्षण खात्याचे एक साहेब आले. मला टेबलावर पाहून त्यांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, पूर्व डावीकडे? पेन द्या पाहू."

मी संतापाने फाटायचाच बाकी होतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू समजली नाही, तर तिला सुधारायला धावू नका. जिने ती केली, तिला आधी विचारा.

चांगुणाने पेन दिलं नाही. "साहेब, आधी अंगणात चला आणि हे डोक्यावर धरा."

अंधार पडला होता. साहेबांनी मला वर धरलं. त्यांनी माझ्यावरचे तारे वरच्या आकाशाशी पडताळले आणि ते हळूच पूर्वेकडे वळले. समोर मृग होता.

"कोणी केलंय हे?"

"आमच्या विमलाबाईंनी," चांगुणा म्हणाली.

या वेळी बाईंच्या नावावर कोणी हसलं नाही.