शिवूचं ‘रफ’

“क्रांती, पोरीला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आण,” अंगणवाडीच्या मंगलताई म्हणाल्या होत्या, आणि क्रांतीनं ते हसून उडवून लावलं होतं. चार वर्षांची शिवू घरभर उड्या मारत फिरते, लाइट गेली तरी बरोबर माठापाशी जाते, तिला कसला चष्मा? शिवाय क्रांती काही गाफील आई नव्हती. शिवू शिंकली तरी हिच्या हातात थर्मामीटर. नवरा इंद्रजित फौजेत, लांब राजस्थानात, त्यामुळे दोघांच्या वाट्याची काळजी ती एकटीच करायची.

पोरीला इंग्रजी यावं म्हणून बी.ए. झालेल्या क्रांतीनं पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे चिकटवले होते. मखमलीवर बोट ठेवलं की स्मूथ, घोंगडीच्या तुकड्यावर ठेवलं की रफ. स्मूथ शिवूला फारसं रुचलं नाही. रफ मात्र तिनं असं उचललं की बघता बघता सगळं घर रफ होऊन बसलं. आजोबांची दाढी रफ, बाजरीची भाकरी रफ. इथवर ठीक होतं. मग आजोबांचा खोकला रफ झाला, दुपारचं ऊन रफ झालं. फोनवर इंद्रजितचा आवाज तुटायला लागला की ती तक्रार करायची, पप्पा रफ बोलतात. आणि एकदा तिन्हीसांजेला आईच्या मांडीवर पडून आभाळाकडं बघत ती म्हणाली, “आई, चांदोबा रफ हाय.”

क्रांतीच्या अंगावर काटाच आला. या एका शब्दाचे किती अर्थ तिनं कॉलेजात घोकले होते. खवळलेला समुद्र रफ, दांडगट माणूस रफ, अंदाजानं काढलेलं चित्र रफ, वाईट गेलेला दिवससुद्धा रफ. पण चंद्र? हे तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं लगेच इंद्रजितला कळवलं की आपली पोरगी कवी होणार. त्यानं उलट कळवलं, आधी तिला पहिलीत तरी जाऊ दे.

सासरे बाळासो यांना त्या कवितेचं काही वाटत नव्हतं. त्यांना कौतुक होतं नातीच्या हाताचं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर ते. खरा मेंढपाळ लोकरीवर हात फिरवून आपलं कोकरू ओळखतो, ही त्या घराची ऐट. इंद्रजितला ते कधी जमलं नाही. शिवूला मात्र बोबडं बोलायच्या वयापासून जमत होतं. कोकराच्या पाठीवरून, कानामागून बोटं फिरवायची आणि नाव सांगायची. बाळासो गावभर सांगत सुटायचे, “पोर फौजीची, पण हात माझ्या आज्याचा हाय.”

आटपाडीच्या बाजारात तर कहरच झाला. पाण्याच्या हौदावर बाळासोंची आणि माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाची कोकरं एकमेकांत मिसळली. सगळी काळी, सगळी एका वयाची, अजून कुणाच्याच पाठीवर रंगाची खूण नाही. तो गडी आवाज चढवायला लागला. बाळासोंनी नातीला उचलून कोकरांच्या मधोमध बसवलं.

“आवं म्हातारबा, कोकरं तुमची आन् निवाडा नात करनार व्हय?”

“गप रं. हात बघ तिचा.”

शिवूनं एकेक कोकरू ओढून पोटाशी धरलं. हात फिरवला की ते आजोबांकडं, नाहीतर “रफ” म्हणून पलीकडं. माणसं गोळा झाली. चहाच्या गाड्यावरची पण उठून आली. त्या गड्यानं पलीकडं गेलेलं एक कोकरू हळूच परत पुढं सारलं, तर तिनं तेही ढकलून दिलं, आणि गर्दी खदखदून हसली. शेवटी तो गडीच पागोटं सावरत म्हणाला, पोर मला देऊन टाका, कोकरं सगळी घेऊन जावा.

क्रांती कडेला उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत होती. बाजाराला जायचं म्हणून तिनं नवी, खळ घातलेली कडक साडी नेसली होती. निवाडा संपला तशी शिवू उठली आणि आईला शोधत निघाली. गंमत म्हणून क्रांती हाक न मारता, तोंडभर हसत तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

शिवूनं मान वर करून थेट तिच्या तोंडाकडं बघितलं. मग साडीवर हात फिरवला.

“रफ,” ती पुटपुटली, आणि शेजारच्या बाईचा पदर चाचपून तिनं विचारलं, “माझी आई हाय का तू?”

क्रांतीचं हसू जागच्या जागी गोठलं. “शिवू, बाळा, मी हितं हाय,” ती म्हणाली. आवाज ऐकला आणि पोर धावत येऊन बिलगली. बाळासोंनी हे सगळं पाहिलं होतं. ते मटकन हौदाच्या कट्ट्यावर बसले. “हात, हात करत नाचलो मी,” ते म्हणाले. “डोळं कुनी बघितलं गं?”

दुसऱ्याच दिवशी तिघं मिरजेला. तपासणी चालली होती तेव्हा क्रांतीच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, उशीर तर झाला नाही ना? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नंबर फार मोठा आहे, हातापलीकडचं सगळं तिला धुरकट दिसतं. पण नजर अजून घडायच्या वयात आहे. चष्मा सतत लावला, दर काही महिन्यांनी दाखवलं, तर सुधारेल. आणखी काही वर्षं गेली असती तर अवघड होतं. क्रांतीनं त्यांचे हात दोन्ही हातांत धरले आणि सोडायचं विसरली.

चष्मा मिळाला त्या दिवशी परतीच्या एसटीत शिवू खिडकीला चिकटली ती चिकटलीच. ढालगावच्या पठारावर ती एकदम किंचाळली.

“आई, ते काय फिरतंय?”

“पवनचक्की.”

“कवा आली?”

“तुझ्या आधीपासून हाय, बाळा.”

मग झाडाला पानं वेगवेगळी असतात, तारेवर पाखरं बसतात, लांबची माणसं हात हलवतात, सगळं तिनं ओरडून सगळ्या गाडीला सांगितलं. कंडक्टरच्या शर्टाची गुंडी तुटली आहे, हेही. मग वळून हात न लावता ती आजोबांकडं बघत राहिली. “आप्पा, तुमच्या नाकावर तीळ हाय.” गाडी हसली. बाळासोंनी मात्र तोंड पटक्याच्या टोकात लपवलं.

आता क्रांती भेटेल त्याला एक सांगते, तसं तुम्हालाही सांगते. घरात एखादं लेकरू असेल ना, टीव्हीला नाक लावून बसणारं, सगळं चाचपून बघणारं? त्याच्यापासून थोडं लांब, हाक न मारता, गप उभं राहा. ते तुम्हाला ओळखतंय का, तेवढं आजच बघा.